उंबऱ्याच्या कोणत्या बाजूने

साहित्यातल्या घराचा अर्थ लावायला बसले की फ्रेंच विचारवंत गास्तोँ बाशलार याचे १९५७ सालचे पुस्तक हाताशी घेतले जाते. त्याचे घर उभे आहे. खाली तळघर, वर माळा. तळघरात भीती, माळ्यावर विचार. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जुन्या माळवदाच्या घराला ही उभी मांडणी लागू पडत नाही. लाकडी खांब-तुळया, त्यावर फळ्या आणि पांढऱ्या मातीचा जाड थर, असे हे बसके घर आडवे वाचावे लागते: ओटा, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर, परसदार. ओसरीपर्यंत कोण येतो, माजघरात कोणाला मुभा आहे, कोणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, उंबऱ्याबाहेर कोणी ताटकळायचे, यावर त्या घराचा अर्थ ठरतो. म्हणून मराठीत घरावर लिहिणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारीन तो हा, की उंबऱ्याच्या कोणत्या बाजूला उभे राहून हे लिहिले आहे?

आज या लेखनाची स्थिती फारशी बरी नाही. दिवाळी अंकांतले ललित लेख चाळले की पडलेला वाडा, आजीचे माजघर आणि तुळशीवृंदावन पुन्हा पुन्हा भेटतात. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये रंगभूमीवर आले. ते विदर्भातल्या धरणगावचे, पण या प्रकारच्या लेखनाचे माप त्यानेच घ्यावे लागते. त्या नाटकात वाड्यासाठी गहिवर नाही. वारलेल्या घरधनी तात्याजींच्या तेराव्याच्या खर्चाचा पेच आहे, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे आणि शिक्षण नाकारल्यामुळे करपून गेलेली त्यांची मुलगी प्रभा आहे. वाडा कोणाच्या जिवावर उभा होता, याचा हिशेब एलकुंचवार मांडतात. नंतरच्या पुष्कळांनी वाड्याची पडझड उचलली आणि तो हिशेब मागे ठेवला.

नगरच्या मातीत घराचे याहून खोल अर्थ सापडतात. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले. संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्यावरून जिला नाव मिळाले, त्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या संस्कृतीची घरे तिथे उजेडात आली. त्या लोकांनी आपली गेलेली लेकरे दोन कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून त्यात ठेवली आणि राहत्या घराच्या जमिनीखाली पुरली. वर चूल पेटत होती, माणसे झोपत-उठत होती. त्यांच्या मनात नेमके काय होते, यावर विद्वान वाद घालोत. मरणानंतरही मूल उंबऱ्याबाहेर काढायचे नाही, ही ओढ मात्र आईबापांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जिथे नाळ पुरली तीच आपली जागा, असे आपण अजून म्हणतोच.

त्याच नेवाशात वाळीत टाकलेल्या, आईबापांविना वाढलेल्या ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये एका खांबाला टेकून गीतेवरची टीका सांगितली, अशी परंपरा आहे. गावाने ज्यांना घर नाकारले त्यांच्या पाठीला एक खांब पुरला. १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या ‘पैस’ या संग्रहातल्या शीर्षकलेखात दुर्गा भागवतांनी याच खांबाकडे पाहिले आहे. भिंती नसलेली मोकळी जागाही माणसाचा आधार होऊ शकते, हे मराठी ललित निबंधाने इतक्या उंचीवर क्वचितच सांगितले असेल. आज त्या खांबाभोवती मंदिर आहे. शिर्डीतही असेच घडले. ज्याला स्वतःचे घर नव्हते तो फकीर पडक्या मशिदीत धुनी पेटवून राहिला, तिला द्वारकामाई म्हणाला, आणि १९१८ च्या दसऱ्याला देह ठेवल्यावर नागपूरच्या बुटींनी बांधलेल्या वाड्यात त्याची समाधी झाली. धनिकाचा वाडा सगळ्यांसाठी उघडल्याचे असे उदाहरण आपल्या कथा-कादंबऱ्यांतही विरळाच.

तरीही घर हा विषय घेऊन जिल्ह्याशी नाते असलेले एकच पुस्तक निवडायचे तर मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ निवडीन. १९३४ ते १९३६ या काळात ती भागाभागांनी प्रसिद्ध झाली. सुरुवातीलाच वडिलांचे सोवळ्याने झपाटलेले घर आहे. बाहेरची हवाही विटाळेल, अशा धास्तीत तिथली माणसे जगतात. मग रेव्हरंड टिळकांबरोबरचा संसार, म्हणजे एक न संपणारे बिऱ्हाड: जलालपूर, नागपूर, राजनांदगाव, नगर, राहुरी. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला. पुढे त्याच्याजवळ राहायला आल्यावरही ही बाई काही काळ आपली चूल आणि पाणी वेगळे सांभाळते. एका छपराखाली दोन घरे, आणि मधला उंबरा तिच्याच मनातला. तो तिने कोणाच्या आग्रहावरून ओलांडला नाही. स्वतः विचार करून, स्वतःला प्रश्न विचारून ओलांडला. पुढे दुष्काळात पोरकी झालेली मुले तिच्या घरात आली आणि सोवळ्याच्या घरात वाढलेली मुलगी त्यांची आई झाली. हे पुस्तक विनोदासाठी वाचले जाते, आणि विनोद त्यात आहेच. पण स्वयंपाकघरातून बाहेरच्या दिशेने एकेक दार उघडत गेलेल्या स्त्रीचे इतके सविस्तर लेखन मराठीत दुसरे नाही, हे समीक्षेने ठासून सांगायला हवे होते.

दया पवार उंबऱ्याच्या दुसऱ्या बाजूला उभे आहेत. अकोले तालुक्यातल्या धामणगावचा महारवाडा आणि मुंबईतली कावाखाना ही वस्ती या दोन टोकांमध्ये ‘बलुतं’ (१९७८) हेलकावत राहते. गावात दारोदार भाकरी मागायची ती बाहेरूनच. मुंबईत एका खोलीत अनेक बिऱ्हाडे कोंबलेली. त्याआधी, १९७४ मध्ये, त्यांनी आपल्या कवितासंग्रहाला नाव दिले होते ‘कोंडवाडा’. जनावरे डांबायची जागा माणसाचे घर म्हणून समोर आली, आणि वाड्याच्या स्मरणरंजनाला यापेक्षा नेमके उत्तर कोणी दिलेले नाही. संगमनेरच्या रंगनाथ पठारे यांनी ‘सातपाटील कुलवृत्तांत’मध्ये (२०१९) शतकांचा पट घेऊन घराण्याच्या अभिमानाचेच आतडे उलगडले. या तिघांपैकी एकानेही घराची आरती केलेली नाही.

मग आजचे घर कुठे आहे? शनी शिंगणापूरच्या दार नसलेल्या घरांवर बातम्या पुष्कळ झाल्या. २०११ मध्ये तिथे कुलुपाविना बँकेची शाखा उघडली, २०१५ मध्ये पोलीस ठाणे आले. श्रद्धेच्या भरवशावर उघडे राहणारे घर आणि त्यात रात्री झोपणारी बाई, ही कथा बातमीत मावत नाही. २०१६ पासून ग्रामीण आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचे घरकुल मिळते. त्याला ओसरी नसते. म्हातारा दिवसभर बसतो कुठे, पाहुणा थांबतो कुठे, आणि जुनी पायरी-पायरीची शिवाशिव तिथे खरोखर संपते की दुसरीकडे सरकते, हे कादंबरीचे प्रश्न आहेत.

सगळ्यांत मोठी उणीव कोपीची, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीची आहे. लोणीला सहकारी साखर कारखाना निघाला आणि प्रवराकाठ बदलला, याचा इतिहास अभिमानाने लिहिला जातो. याच जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गावातल्या घराला कुलूप लावतात किंवा ते म्हाताऱ्यांवर सोपवतात, आणि ऊसतोडीसाठी पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर वाकून शिरावे लागणाऱ्या कोपीत काढतात. पहाटे अंधारात उठून चूल पेटवणारी, मग फडात मोळ्या बांधणारी बाई घर कशाला म्हणते? योगीराज बागूल यांच्या ‘पाचट’सारखे आत्मकथन या जगात शिरते, पण एवढ्या मोठ्या स्थलांतराच्या मानाने हे लेखन तोकडे आहे. कारखान्याच्या तळावर या मजुरांच्या मुलांसाठी चालणाऱ्या साखरशाळेत शिकलेली मुले आता शिक्षक झाली आहेत, कविता लिहीत आहेत. त्यांचे लेखन हाती येईल तेव्हा संपादकांनी त्यांच्याकडे तुळशीवृंदावन मागू नये. कोपी बांधायला किती वेळ लागतो, पावसाने ती कुठून गळते, तान्हे मूल कुठे निजवतात, हे त्यांना त्यांच्याच बोलीत आणि हवे तितके लांब लिहू द्यावे.