वारसा-फेरी आणि वाड्याचे अपुरे वाचन

पुण्याच्या जुन्या पेठांतील वारसा-फेऱ्यांनी वाडा हा विषय अभ्यासकांच्या दालनातून रस्त्यावर आणला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद होय. तथापि या फेऱ्यांची दृष्टी प्रामुख्याने दर्शनी भागावरच खिळलेली असते. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यासमोर सुरूच्या आकाराच्या कोरीव खांबांचे रसग्रहण होते. १८२१ मध्ये इंग्रजी अमलाखाली याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, हा सत्तांतराचा अध्याय मात्र बहुधा एका वाक्यात आटोपतो. भाडेकरूंच्या वाड्यांच्या वाट्याला तेवढेही येत नाही. वस्तुतः १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने दीर्घकाळ गोठलेली भाडी आणि त्यापायी थांबलेली डागडुजी लक्षात घेतल्यावाचून तेथील खचलेल्या भिंतींचा अर्थच लागत नाही.

या दृष्टीची मर्यादा बुधवार पेठेतील भिडेवाड्यापाशी उघडी पडते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये तेथे मुलींची शाळा सुरू केली. त्या जीर्ण वास्तूत डोळ्यांना सुखावणारे फारसे उरले नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी ती पाडण्यातही आली. मूळ वास्तूच नसलेल्या त्या जागी मार्गदर्शकाने काय दाखवावे? कोरीवकाम हाच वारसा मानला, तर पुढच्या वाड्याकडे वळण्यावाचून त्याला गत्यंतर नाही.