युद्धाने उघडलेला रंगमंच

विनोदी नाटकाचा आणि जागतिक राजकारणाचा काय संबंध, असे कुणालाही वाटेल. शेक्सपिअरचे ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ पाहावे. १६०० सालच्या छापील प्रतीत पोर्शियाला मागणी घालायला आलेल्या स्कॉटिश सरदाराची टिंगल आहे. १६०३ मध्ये स्कॉटलंडचाच राजा इंग्लंडच्या गादीवर बसला आणि १६२३ च्या प्रतीत तो नुसता ‘दुसरा सरदार’ झाला. गादी बदलली की हशाची जागाही बदलते.

मराठीत याचे ठळक उदाहरण म्हणजे लालबावटा कलापथकाचे वग. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला. कम्युनिस्टांनी युद्धाला ‘लोकयुद्ध’ मानले आणि जुलै १९४२ मध्ये इंग्रज सरकारने त्यांच्या पक्षावरची बंदी उठवली. पुढच्याच महिन्यात काँग्रेसचे नेते आमच्या नगरच्या किल्ल्यात कैद झाले. मौलाना आझादांची ‘गुबारे खातिर’मधली पत्रे तिथलीच. एकाच युद्धाने एक दार बंद केले आणि दुसरे उघडले. उघडलेल्या दारातून १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे कलापथक बाहेर पडले.

या मंडळींनी तमाशाचा साचा घेतला, पण आतला माल बदलला. गणात गणपतीच्या जागी मायभूमी, कामगार आणि हुतात्मे आले. गौळण गळाली. सोंगाड्याची तिरकस जीभ मात्र त्यांनी जपली, कारण वगाचा प्राण तिच्यात असतो.

इथे समीक्षकाने एक अवघड प्रश्न विचारलाच पाहिजे. ही मोकळीक इंग्रजांच्या गरजेतून मिळाली होती. युद्धकाळात पक्षाचा रोख परक्या राज्यकर्त्यापेक्षा फॅसिस्ट आणि साठेबाज यांच्यावर अधिक होता. मग हे हसू उसने होते काय?

माझ्या मते, अंशतः होते. स्तालिनग्राडच्या पोवाड्यातला आवेश आज इतिहास म्हणून ऐकावा लागतो. स्तालिनच्या राजवटीविषयी जगाला पुढे जे कळले, ते विसरता येत नाही. पण ‘शेटजींचे इलेक्शन’ किंवा ‘माझी मुंबई’ समजायला मॉस्कोचा नकाशा लागत नाही. मतदाराला गिऱ्हाईक समजणारा शेटजी आणि मुंबई कुणाची हा कामगाराचा सवाल आपल्या ओळखीचे आहेत. दूरच्या राजधानीने दार उघडले खरे. टिकला तो गल्लीतल्या अनुभवातून आलेला विनोद. म्हणूनच १९४८ नंतर पक्षावर दडपशाही आली, तमाशावर निर्बंध आले, तरी हा वग ‘लोकनाट्य’ नावाने उभा राहिला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पुन्हा गाजला.

अमर शेखांचे नाव आपण अभिमानाने घेतो आणि त्यांच्या पहाडी आवाजापाशी थांबतो. त्या आवाजामागे कोणते जग ढवळत होते, त्याने कलावंताला काय दिले आणि कोणत्या गोष्टीवर हसू दिले नाही, हेही तपासले पाहिजे. कौतुकापेक्षा अशा वाचनाने त्यांचा अधिक सन्मान होईल.