'मी भरून पावले आहे' : एक पुनर्वाचन

मेहरुन्निसा दलवाई यांचे हे आत्मकथन (1995) आपल्याकडे बहुधा हमीद दलवाईंच्या सुधारणाकार्याची पुरवणी म्हणूनच वाचले जाते. हा त्यावर अन्याय आहे. 1956 साली या जोडप्याने निकाह केला आणि विवाहनोंदणीही. पारंपरिक उर्दूभाषक माहेर व बंडखोर पती यांच्यात वावरलेली स्त्री येथे मराठीत बोलते, हे पुस्तकाचे खरे मोल. पतीचे कार्य मात्र पुष्कळ पाने व्यापते. स्वतःची इबादत, हया यांविषयी लेखिकेने सविस्तर सांगायला हवे होते. 2022 च्या हिजाब-आदेशानंतर निपाणी-बेळगाव भागात हे पुस्तक शिकवताना ही उणीव फार जाणवते. घरी उर्दू, वर्गात मराठी, कचेरीत कन्नड बोलणाऱ्या आपल्या विद्यार्थिनींना चळवळीआधी विचारायचे असते, त्या घरात रमजान कसा असे?