संगणकावर रूळ टाकताना

आगगाडी चालवण्याचे संगणकी खेळ आता नवे राहिलेले नाहीत. त्यांतल्या काहींत गाडी चालवण्याबरोबर तिचा मार्गही आपणच बांधायचा असतो. अतिवेगवान गाडीचा असा मार्ग अकरावीच्या विद्यार्थ्यांकडून बांधून घेतला, तर त्यातून भौतिकी कितपत शिकता येते? हे पाहण्यासाठी गेल्या मे महिन्यात आम्ही चार विद्यार्थ्यांबरोबर तीन आठवडे घालवले. आज्ञावली घेतली ‘ओपनबीव्हीई’. मार्ग घेतला जपानच्या तोकाइदो शिंकानसेनचा, ओदावारा ते मिशिमा हा सुमारे ३५ किलोमीटरचा तुकडा. या अनुभवावरून केलेले हे परीक्षण आहे.

ही आज्ञावली निवडण्याचे कारण तिचे चित्रण नव्हे. चित्रण साधेच आहे. पण तिच्यात मार्ग म्हणजे आकड्यांची एक साधी फाईल असते. अमुक मीटर अंतरावर वळण सुरू, त्याची त्रिज्या इतकी, बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा इतके मिलिमीटर उंच, चढ हजारी इतका, एवढेच लिहायचे. उजवे वळण धन, डावे ऋण. चिन्ह चुकले की गाडी भलतीकडेच वळते, आणि चिन्हांबाबत वर्षभर निष्काळजी असणारा विद्यार्थीही मग चूक स्वतःच शोधतो.

पहिल्याच दिवशी प्रश्न आला, “सर, बाहेरचा रूळ किती उंच ठेवायचा?” याचे उत्तर आज्ञावली देत नाही. ते फळ्यावरच काढावे लागले. तोकाइदो मार्ग १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाला तेव्हा गाडीचा कमाल वेग ताशी २१० किलोमीटर होता आणि वळणांची त्रिज्या सर्वसाधारणपणे २५०० मीटरपेक्षा कमी नव्हती. ताशी २१० म्हणजे सेकंदाला ५८.३ मीटर. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की अभिकेंद्री त्वरण १.३६ येते. त्याला ९.८१ ने भागून दोन्ही रुळांच्या मध्यांमधील अंतराने, म्हणजे सुमारे १५०० मिलिमीटरने गुणले की उंची येते २०८ मिलिमीटर. प्रत्यक्षात या मार्गावर ही उंची जास्तीत जास्त २०० मिलिमीटर ठेवलेली आहे. उत्तर इतके जवळ आलेले पाहून मुलांचे चेहरे खुलले, आणि खरे सांगायचे तर आमचाही.

त्यांनी मग आपण होऊन पुढचे गणित केले. २०१५ पासून या मार्गावर गाड्या ताशी २८५ किलोमीटरपर्यंत धावतात. त्याच वळणासाठी त्या वेगाला ३८० मिलिमीटरहून अधिक उंची हवी. म्हणजे १८० मिलिमीटरची तूट राहते, आणि तेवढा बाजूचा ओढा प्रवाशाला जाणवणार. २००७ साली आलेल्या एन-७०० गाडीचा डबा वळणावर हवेच्या स्प्रिंगांच्या साहाय्याने एक अंश आत का झुकवतात, हे यानंतर समजावून सांगावे लागले नाही. ओकायामापर्यंत १९७२ साली सुरू झालेल्या सान्यो मार्गाला ४००० मीटरची त्रिज्या का घेतली, हेही नाही.

चढांच्या बाबतीतही आज्ञावली प्रामाणिक आहे. पॅरिस-लिऑन या १९८१ च्या अतिवेगवान मार्गावर हजारी ३५ पर्यंत चढ आहेत आणि बोगदा एकही नाही. ताशी २६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी, घर्षण व हवेचा रोध सोडून दिला तर, केवळ गतिज ऊर्जेवर सुमारे २६५ मीटर उंची चढू शकते. एका विद्यार्थिनीने असा चढ लिहून इंजिन बंद ठेवून गाडी सोडली आणि तिच्यातल्या ‘ब्लॅक बॉक्स’ या सोयीतून अंतर व वेग यांची नोंद काढून आलेख काढला. प्रयोगशाळेतल्या उतरत्या फळीवर हे दिसतेच, पण त्या आलेखाची तिला वाटलेली मालकी फळीच्या प्रयोगात आम्ही कधी पाहिली नाही.

आता दोष. पहिला लहान आहे. या फाईलमध्ये मार्ग पंचवीस-पंचवीस मीटरच्या तुकड्यांचा असतो आणि सरळ रुळापासून वळणापर्यंत हळूहळू नेणारा संक्रमण वक्र लिहिण्याची सोय नाही. उतरत्या त्रिज्या पायरीपायरीने लिहून तो जमवावा लागतो. खऱ्या मार्गावर यासाठी काही शे मीटर खर्ची पडतात. शिक्षकांनी लक्षात आणून दिले नाही तर विद्यार्थ्याला या वक्राची गरजच कळत नाही.

दुसरा दोष मात्र मुळातला आहे. या आज्ञावलीत सर्व काही रुळाच्या संदर्भात मांडले जाते. झाड, घर, डोंगर ही रुळापासून डावीकडे इतके, उजवीकडे इतके अशी लिहायची. रूळ वळवला की डोंगरही त्याच्याबरोबर वळतो! रेल्वे अभियंत्याचे निम्मे आयुष्य ज्या प्रश्नात जाते, की डोंगर हलत नाही तर मी कुठून जाऊ, तो प्रश्नच इथे उरत नाही. आमच्या तुकड्यात अतामी व मिशिमा यांच्यामध्ये सुमारे आठ किलोमीटर लांबीचा शिन-तान्ना बोगदा येतो. मुलांनी तो दुपारच्या चहाआधी पुरा केला : या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत दोन्ही बाजूंना भिंत व वर छत. खरा बोगदा १९४१ साली सुरू झाला, युद्धामुळे थांबला आणि शिंकानसेनसाठी पुन्हा हाती घेतला गेला. त्याच्या शेजारचा जुना तान्ना बोगदा १९१८ ते १९३४ अशी सोळा वर्षे खणला जात होता. दरडी व पाण्याचे लोंढे यांत ६७ माणसे गेली. आम्ही हे सांगितल्यावर खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. पण ते आम्ही सांगितले, आज्ञावलीने नव्हे.

२००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ट्रेन सिम्युलेटरमध्ये स्थिती बरोबर उलट होती. त्याच्या मार्ग-संपादकात उंचीच्या मोजणीवरून बनवलेली खरी जमीन आणता येई, म्हणजे डोंगर आपल्या जागी ठाम. पण रूळ मात्र मुख्यतः ठराविक त्रिज्यांच्या तयार तुकड्यांतून जोडायचे आणि बाहेरचा रूळ उंच करण्याची सोय नाही. एकात जमीन आहे तर गणित नाही, दुसऱ्यात गणित आहे तर जमीन नाही. आम्हाला गणिताची बाजू पत्करणे बरे वाटते, कारण जमिनीची उणीव समोच्चरेषांचा नकाशा शेजारी ठेवून निदान अंशतः भरता येते. मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या मार्गासाठी पालघर जिल्ह्यात कोणाच्या जमिनी लागल्या, हे मात्र समोच्चरेषाही सांगत नाहीत. त्यासाठी त्या गावांतल्या शिक्षकांनी मुलांना शिवारात न्यावे.

तिसरी गोष्ट दोष म्हणावी की सोय, यावर आमच्यात मतभेद झाले. वेग जास्त झाल्यास गाडी कलंडावी की नाही, हे या आज्ञावलीच्या पर्यायांत एका चौकटीवर खूण करून ठरवता येते. एका विद्यार्थ्याने ती खूण काढली आणि ३०० मीटर त्रिज्येच्या वळणावरून ताशी ३०० किलोमीटरने गाडी काढून दाखवली. तिथले त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या दुपटीहून अधिक! टाळ्या पडल्या. आम्ही त्याला २४ जुलै २०१३ ची स्पेनमधील घटना सांगितली. सांतियागो दे कोंपोस्तेला शहराजवळ वेगवान मार्ग संपून सुमारे ४०० मीटर त्रिज्येचे वळण लागते. तिथे मर्यादा होती ताशी ८०, गाडी आली सुमारे १८० ने. सव्वादोन पट वेग म्हणजे लागणारे बल पाचपट. सुमारे ऐंशी प्रवासी मृत्यू पावले. त्याने शांतपणे चौकटीत पुन्हा खूण केली.

आमच्यातल्या एकाचे म्हणणे, ही चौकट असताच कामा नये. आमचे मत वेगळे आहे. दोन्ही करून पाहू द्यावे, मात्र आधी कागदावर उत्तर काढून. ही आज्ञावली विनामूल्य मिळते व जुन्या संगणकावरही चालते. नववीच्या मुलांना ती देण्याची घाई करू नये, वर्तुळाकार गतीचे सूत्र हाती नसेल तर हा केवळ खेळ होतो. अकरावीला द्यावी, चौघांना मिळून एक संगणक पुरे. सुरुवातीला पाच किलोमीटरचाच मार्ग सांगावा. आमची ३५ किलोमीटरची हाव नडली आणि अतामी स्थानकाचे फलाट शेवटपर्यंत अपुरेच राहिले.