फार्दिंगची गोळी

जॉर्ज ऑर्वेलची 'कमिंग अप फॉर एअर' ही १९३९ सालची कादंबरी एका कवळीपासून सुरू होते. पंचेचाळीस वर्षांच्या, अंगाने सुटलेल्या जॉर्ज बोलिंग या विमा एजंटाला नवी कवळी मिळायची असते, आणि त्याच दिवशी त्याला आपले लहानपणचे गाव, लोअर बिनफिल्ड, आठवू लागते. तिथले मदर व्हीलरचे गोळ्यांचे दुकान, काचेच्या बरण्या, एका फार्दिंगला मिळणारी आणि जपून चघळली तर अर्धा तास पुरणारी गोळी, हे सगळे तो मोठ्या चवीने सांगतो. (फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. १९६० सरता सरता हे नाणे चलनातून गेले.) गोळ्या आठवणाऱ्या माणसाच्या तोंडात कवळी आहे, याकडे ऑर्वेल बोट दाखवत नाही. इंग्रजांच्या खाद्यस्मरणांविषयी मला जे म्हणायचे आहे, ते मात्र या कवळीपासूनच सुरू करावे लागते.

बालपणीच्या गोळ्या-चॉकलेटांच्या आठवणी हा इंग्लंडात जवळजवळ स्वतंत्र लेखनप्रकारच झाला आहे. १९५० साली आलेल्या आणि १९८४ साली बंद पडलेल्या 'स्पँगल्स'बद्दल आजही लोक दिवंगत नातलगाबद्दल बोलावे तसे बोलतात. १९९० मध्ये 'मॅरेथॉन'चे 'स्निकर्स' झाले, १९९८ मध्ये 'ओपल फ्रूट्स'चे 'स्टारबर्स्ट'. वेष्टनावरचे नाव बदलले एवढ्यावरून माणसे हळहळतात. २००३ साली बंद केलेले 'विस्पा' तर लोकांच्या आग्रहाखातर कंपनीला २००७ मध्ये परत आणावे लागले. मुलीकडे लेस्टरला गेलो असताना बरण्यांच्या अशाच एका दुकानातून मी 'पेअर ड्रॉप्स' घेतले. दुकानदारीण बाईंनी विचारले, "क्वार्टर?" म्हणजे पाव पौंड, सुमारे ११३ ग्रॅम. तराजू ग्रॅमचा, जीभ पौंडाची. गोळीला नखांचे पॉलिश पुसायच्या द्रवाचा वास होता. माझ्या मागे उभा असलेला साठीचा गृहस्थ तोच वास डोळे मिटून घेत होता. मला त्यात काहीच आठवत नव्हते, म्हणून मला तो फक्त वास होता.

या लेखनात एक गफलत पुन्हा पुन्हा होते. आठवण गोळीची असते असे आपण धरून चालतो. पण २६ जुलै १९४२ पासून ५ फेब्रुवारी १९५३ पर्यंत ब्रिटनमध्ये गोळ्या-चॉकलेटे रेशनवर होती. मध्ये एप्रिल १९४९ मध्ये बंधन उठवून पाहिले, तर मागणी एवढी उसळली की ऑगस्टमध्ये ते परत आणावे लागले. युद्धाच्या आगेमागे जन्मलेल्या पिढीने ज्या गोळ्यांची वर्णने करून ठेवली आहेत त्यातल्या कित्येक तिने फार थोड्या खाल्लेल्या असणार. तिच्या लेखनात चव कमी आणि हाव जास्त आहे, आणि माझ्या मते म्हणूनच ते लेखन पुढच्या सुकाळातल्या पिढीच्या याद्यांपेक्षा सरस आहे.

मदर व्हीलर ही कळकट म्हातारी. बरणीतल्या गोळ्या ती स्वतः चोखून परत ठेवते असा गावातल्या पोरांना संशय. रोआल्ड डालच्या 'बॉय' (१९८४) या आठवणींतली मिसेस प्रॅचेट तिची सख्खी बहीण शोभावी. कार्डिफजवळच्या लँडाफमध्ये तिचे दुकान, हात घाणेरडे, तोंड फाटके. १९२४ साली डाल आणि त्याचे दोस्त तिच्या बरणीत मेलेला उंदीर टाकतात. मग मुख्याध्यापक या पोरांना वेताने फोडून काढतात आणि म्हातारी तिथे उभी राहून "अजून जोरात" म्हणून चेव आणते. आज त्या जागेच्या भिंतीवर लेखकाच्या नावाचा निळा फलक आहे.

दोन्ही पुस्तकांत दुकानदारीण म्हातारी, गरीब आणि किळसवाणी आहे, हा योगायोग नाही. मुलाला तिच्या बरणीतले हवे असते, ती नको असते. पेनी-पेनीच्या धंद्यावर ही बाई जगत कशी होती, हा प्रश्न डाल विचारत नाही. छडीचे वळ तो विसरत नाही, एवढे खरे. त्यामुळे 'बॉय' गोड होता होता वाचते. ऑर्वेल याहून पुढे जातो. बोलिंगच्या बापाचे बी-बियाण्यांचे दुकान मोठ्या कंपनीची शाखा गावात येताच हळूहळू बुडते, हे तो सविस्तर दाखवतो. छोटी दुकाने काळाच्या ओघात गेली, असे मोघम बोलून तो सुटत नाही.

त्याचा कच्चा दुवाही सांगितला पाहिजे. लंडनमधल्या चकचकीत मिल्क-बारमध्ये बोलिंग सॉसेज चावतो, तर आत मासळी भरलेली. सगळे आधुनिक जग असेच आहे, सालपट एक आणि आत भलतेच, असा निष्कर्ष तो तिथल्या तिथे काढतो. प्रसंग गाजलेला आहे, पण मला तो फार सोपा वाटतो. 'आता ती चव राहिली नाही' हे आपल्याकडच्या प्रत्येक काकांचे वाक्यच जरा ऐटीत आले आहे. कादंबरी त्याला तिथे थांबू देत नाही, हे तिचे मोठेपण. बोलिंग खरेच गावी जातो. लहानपणी पाहून ठेवलेल्या, मोठ्या माशांच्या तळ्यात त्याला कचऱ्याचा ढीग दिसतो, आणि गावावर बॉम्ब पडतो तोही आपल्याच विमानातून, चुकून.

आता दोन पुस्तके शेजारी ठेवतो. नायजेल स्लेटरचा जन्म १९५६ साली वुल्व्हरहॅम्प्टनला झाला. मीरा स्याल पाच वर्षांनी लहान, त्याच शहरात जन्मलेल्या आणि जवळच्या एसिंग्टनमध्ये वाढलेल्या. स्लेटरच्या 'टोस्ट' (२००३) मध्ये छोट्या प्रकरणांना पदार्थांची नावे आहेत. वरवर पाहता यादीच. पण आई टोस्ट जाळते, आणि मुलगा नऊ वर्षांचा असताना मरते. मग अबोल बाप रात्री त्याच्या उशाशी मार्शमॅलो ठेवू लागतो. तो पदार्थ पुढे कोणी विसरूच शकत नाही. त्याच लेखकाचे 'ईटिंग फॉर इंग्लंड' (२००७) मात्र बिस्किटे-गोळ्यांचा खुसखुशीत कोश होऊन राहते. मी ते दोन बैठकांत वाचले आणि मला त्यातले एकही पान आठवत नाही.

स्याल यांच्या 'अनिता अँड मी' (१९९६) या कादंबरीच्या आरंभीच नऊ वर्षांच्या मीनाला तिचे वडील गोळ्यांच्या चोरीवरून गावातल्या दुकानाकडे घेऊन निघाले आहेत. बरण्या त्याच, काळ १९६०च्या दशकातला. स्लेटरला त्या गोळ्या आपल्याच वाटतात, मीनाला त्या मिळवून 'त्यांच्यातली' व्हायचे आहे. घरच्या डाळ-भाताची तिला लाज वाटते, पुढे लाजेची लाज वाटते. ब्रिटिश गोळ्यांवर लिहिताना तिची आठवण वगळणारा संग्रह मी अपुरा समजतो.

वगळले जाणारे आणखी एक. चॉकलेटच्या आठवणीत कोको पिकवणारा माणूस येत नाही. पोर्तुगिजांच्या साओ टोमे आणि प्रिन्सिपे बेटांवर अंगोलातून आणलेल्या मजुरांची स्थिती गुलामांची होती, हे पत्रकार हेन्री नेव्हिन्सनने १९०६ साली 'अ मॉडर्न स्लेव्हरी' या पुस्तकात मांडले. तिथला कोको घेणाऱ्यांत कॅडबरी होती. क्वेकर पंथाचे, कामगारांसाठी बागांसह आदर्श वसाहत उभारणारे हे घराणे. 'स्टँडर्ड' या वृत्तपत्राने दांभिकपणाचा आरोप केला, कॅडबरीने बदनामीचा दावा लावला. तोवर, १९०९ मध्ये, त्यांनी तिथली खरेदी थांबवलीही होती. डिसेंबर १९०९ मध्ये ज्यूरीने निकाल कॅडबरीच्या बाजूने दिला आणि नुकसानभरपाई ठरवली एक फार्दिंग. बोलिंग तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा असणार. त्याच्या आठवणींत फार्दिंगची गोळी आहे, हा फार्दिंग नाही.

हे मी दुसऱ्याच्या घरचे उणे काढत नाही. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी सोलापूरच्या चाळीतल्या फराळावर लेख लिहिला होता. पिठीसाखर, जायफळ, करंजीच्या काठाची मुरड, सगळे होते. लेखाचे कौतुक झाले. आईने चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाली, "छान लिहिलंयस. पण साखर कुठली ते नाही लिहिलंस."

मी म्हटले, रेशनची.

"आपल्या कार्डावर एवढी कुठली मिळायची? पलीकडच्या खोलीतल्या इंदूबाईंची होती. त्यांच्या यजमानांची गिरणी बंद होती तेव्हा. त्या स्वतःच्या वाट्याची साखर आपल्याला विकायच्या, दिवाळीच्या तोंडावर."

इंदूबाईंना तीन मुले होती, हेही तिनेच सांगितले. धाकटा माझ्याच वर्गात होता म्हणे. त्याने त्या दिवाळीत काय खाल्ले, मी आठवून पाहिले. मला जायफळाचा वास आठवतो.