पिला हाऊसची वही : ‘गोलपिठा’ आणि एका वस्तीचा वारसा

आमच्या गावाचे नाव सरकारी कागदावर कंसासह लिहितात : तळेगाव (श्यामजी पंत). महाराष्ट्रात तळेगावे पुष्कळ. दाभाड्यांचे वेगळे, ढमढेऱ्यांचे वेगळे. आमचे वर्धा जिल्ह्यातले, आष्टी तालुक्यातले, नागपूर-अमरावती महामार्गावरचे. गावाच्या नावात एक माणूस कायमचा मुक्कामाला आहे, याचे लहानपणी हसू यायचे. पुढे उमगले, की वस्तीचा इतिहास पुष्कळदा फक्त नावातच शिल्लक राहतो. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ मी पहिल्यांदा वाचला तो याच गावात. निम्मे शब्द अडले. वऱ्हाडी वळणाच्या माझ्या मराठीला ते परके होते आणि घरातल्या शब्दकोशातही नव्हते.

हे अडणे माझ्या एकट्याचे नव्हते. १९७२ साली निघालेल्या या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. न कळलेल्या शब्दांचे अर्थ तेंडुलकरांनी कवीलाच विचारले होते. मराठीतल्या एका मोठ्या लेखकाला मराठी कवितेसाठी दुभाषा लागावा, ही गोष्ट आपण आजवर पांढरपेशा वर्गाच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून सांगत आलो. ते खरेच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या शब्दांमागे एक अख्खी वस्ती होती आणि तिची नोंद दुसऱ्या कुठल्याच वहीत झाली नव्हती.

ही वस्ती म्हणजे कामाठीपुरा आणि त्याचा शेजार. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध झाला, समुद्राचे पाणी अडले आणि मुंबईची पाणथळ जमीन हळूहळू भरत गेली. बांधकामावर राबायला निजामाच्या मुलखातून तेलुगूभाषक मजूर आले, ते कामाठी. त्यांच्यावरून वस्तीचे नाव पडले. जवळच्या सफेद गल्लीला ते नाव मिळाले ते तिथे ठेवलेल्या युरोपीय स्त्रियांमुळे. नाटकशाळांच्या भागाला साहेब ‘प्लेहाऊस’ म्हणत, लोकांनी त्याचे ‘पिला हाऊस’ केले. तिथे पारशी रंगभूमी नांदली, तमाशाही रंगला. थोड्या अंतरावर भायखळ्याला बगदादी यहुद्यांचे सिनेगॉग उभे आहे. घाटावरचे दलित, उत्तरेतले मुसलमान, तेलुगू पद्मशाली हे सगळे एकाच नळावर पाणी भरत होते. पुणे जिल्ह्यातल्या पूर गावचे ढसाळ कुटुंब याच गर्दीत ढोर चाळीत येऊन राहिले.

‘गोलपिठा’ची समीक्षा आपण मुख्यतः दोन चौकटींत केली : विद्रोहाची आणि दलित जाणिवेची. संग्रहाचे वर्ष हेच दलित पँथरच्या स्थापनेचेही वर्ष, त्यामुळे ते साहजिक होते. दोन्ही चौकटी योग्य आहेत, पण पुरेशा नाहीत. या कवितेत गावकुसाबाहेरची मराठी, बंबइया हिंदी, उर्दू, खाटिकखान्याची आणि अड्ड्यांची परिभाषा एकाच ओळीत दाटीने बसते. तिला केवळ ‘धक्कातंत्र’ म्हणणे म्हणजे कवीच्या कानांवर अन्याय आहे. त्या गल्लीत माणसे अशीच बोलत होती.

इथे नारायण सुर्वे आठवतात. त्यांच्या ‘शीगवाला’ या कवितेतला दाऊदचाचाही मिश्र बोलीतच बोलतो. मात्र सुर्व्यांकडे ते मिसळणे माणुसकीच्या बाजूने कौल देते. ढसाळांकडे मिसळणे म्हणजे आधी जागेची टंचाई, भूक आणि धंदा. माणुसकी असलीच तर त्यानंतर. बहुसांस्कृतिक वस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. लोक एकत्र राहिले ते नेहमी आवडीने नव्हे.

दुसरा मुद्दा आपल्या कप्पेबंद वाचनाचा. सआदत हसन मंटोची ‘मम्मद भाई’ ही कथा याच फारस रोडच्या परिसरात घडते. मंटो उर्दूत, ढसाळ मराठीत. म्हणून एकाच रस्त्याचे दोन वाङ्मयेतिहास झाले आणि ते एकमेकांना ओळखतही नाहीत. वस्ती भाषांची वाटणी न करता जगली, वाटणी आपण अभ्यासकांनी केली.

मात्र ‘गोलपिठा’ला वारसा म्हणताना त्यातली उणीव झाकू नये. या वस्तीतली स्त्री कवितेत सर्वत्र आहे, पण ती बोलते क्वचितच. ‘मंदाकिनी पाटील’ या ढसाळांच्या प्रसिद्ध कवितेच्या शीर्षकातच ‘कोलाज’ हा शब्द आहे, आणि ते कोलाज कवीने जुळवलेले आहे. त्यामागची कणव खरी आहे, तरी साक्ष तिची नाही. ढसाळांच्या घराची दुसरी बाजू मराठीला कळली ती मल्लिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या आत्मकथनातून. कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांचे असे पुस्तक मराठीच्या कपाटात मला दिसत नाही.

हे सारे आजच लिहिण्याचे कारण आहे. कामाठीपुऱ्याच्या समूह पुनर्विकासाची योजना म्हाडामार्फत हाती घेण्यात आली आहे. शंभर वर्षांच्या मोडकळीला आलेल्या चाळीत राहणाऱ्याला पक्के घर मिळावे, याबद्दल दुमत नको. ‘वारसा’ म्हणून कोणाला गळक्या छपराखाली ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण मुंबईची १९९५ची वारसा नियमावली असो की २०१८ साली जागतिक वारसा ठरलेल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती असोत, आपली वारशाची नजर मुख्यतः दगडी कमानी आणि दर्शनी भिंती मोजते. कामाठीपुऱ्याचा खरा ऐवज भिंतींत थोडा आणि बोलण्यात जास्त आहे. चाळ पडली, माणसे पांगली, की तो कुठल्याही यादीतून परत आणता येणार नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. ‘गोलपिठा’तला अडणारा प्रत्येक शब्द घेऊन अभ्यासकांनी त्या गल्ल्यांत जावे. तो कोण वापरत होते, कुठल्या भाषेतून आला, आज कोणाच्या तोंडी आहे, हे तिथल्या म्हाताऱ्यांना आणि मुख्यतः म्हाताऱ्या बायकांना विचारावे. त्यांनी सांगितलेले त्यांच्या शब्दांत आणि त्यांच्या संमतीने उतरवावे. तेंडुलकरांनी एका कवीला विचारले होते, आपण वस्तीला विचारू. माझ्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने काढलेली प्रश्नचिन्हे अजून तशीच आहेत. त्यांची उत्तरे देऊ शकणारी माणसे आज त्या चाळींत आहेत, आणि चाळी रिकाम्या व्हायच्या आत त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवे.