साहित्यातली झाडे आणि दारातली झाडे

नुकताच दसरा झाला. आपण एकमेकांच्या हातांवर ‘सोने’ ठेवले. त्यातले आपट्याचे किती आणि कांचनाचे किती, हे कोणी पाहिले होते का? दोन्ही पाने मधोमध दुभंगलेली. पण आपट्याचे लहान, लांबीपेक्षा रुंदीला अधिक, तर कांचनाचे चांगले मोठे. बाजारात कांचनाच्या फांद्या आपटा म्हणून बिनदिक्कत खपतात. त्याने सणाचा आनंद उणावत नाही, हे खरे. पण आपल्या साहित्यातली झाडे वाचताना मला हा बाजार हटकून आठवतो. तिथे झाडे पुष्कळ आहेत. ओळखीची मात्र थोडी.

एका कादंबरीत शिवकालीन वाड्यापुढे गुलमोहर फुललेला मी वाचला आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तो आपल्याकडे आला एकोणिसाव्या शतकात. लेखकाला लाल रंग हवा होता, एवढेच. मग आपला पांगारा काय वाईट होता? पळस तर माळामाळावर पेटलेला असतो. पण पळसाच्या तीन पानांची म्हण आपण तोंडपाठ करतो आणि झाडापाशी जाऊन ती पाने मोजीत नाही.

अशोकाचेही तेच. ‘मालविकाग्निमित्रा’त मालविकेच्या पदस्पर्शाने अशोक फुलावा म्हणून कालिदासाने केवढे नाट्य रचले आहे! ते वाचून विद्यार्थी खिडकीबाहेर पाहतो, तो कुंपणापाशी सरळसोट उभा आसुपालव. त्यालाही आपण अशोकच म्हणतो. त्याची फुले हिरवट. पानांत दिसली तर दिसली. शेंदरी झुबक्यांचा सीताअशोक त्या मुलाला कोणी दाखवलेलाच नसतो. मग त्या प्रसंगाची गोडी त्याला कळावी कशी?

ललितलेखक हा काही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे, असे यावर कोणी म्हणेल. मान्य आहे. पण पात्राचे नाव, गाव, बोली चुकलेली आपण खपवून घेत नाही. झाडालाच तेवढी सूट का?

ही सूट न घेता किती उत्तम लिहिता येते, याचा दाखला आपल्याजवळ आहे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. बारा महिन्यांचे ते दर्शन वाचताना मला त्यातल्या भाषेच्या श्रीमंतीहून तिच्यामागचा डोळा मोठा वाटतो. चैत्राच्या लेखात पिंपळाच्या पालवीला मान आहे आणि बिचाऱ्या घाणेरीलाही आहे. झाड त्यांच्या लेखी नायिकेच्या विरहाचा आरसा नसते; त्याला स्वतःचे वर्ष असते, पानगळ असते, बहर असतो. पुढे अनेकांनी दुर्गाबाईंची शब्दकळा उचलली, डोळे मात्र तिथेच ठेवले. अपवाद आहेत. पेशाने डॉक्टर असलेल्या शरदिनी डहाणूकरांचे ‘वृक्षगान’ हा त्यांतला एक. तिथे माहिती आणि माया एकाच वाक्यात नांदतात.

खेड्यांतून ही ओळख लेखनावाचूनही टिकली. तिथे रायवळ आंब्याच्या एकेका झाडाला नाव असते: हा शेंदऱ्या, तो खोबऱ्या. अशा नावाच्या झाडावर कुऱ्हाड घालणे म्हणजे सगळ्या गावाला उत्तर देणे. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावाजवळचा जुना वड २०२० साली महामार्गाच्या आड आला, तेव्हा लोक त्याच्यासाठी उभे राहिले आणि रस्त्याची आखणी बदलावी लागली. तो वड त्यांचा ओळखीचा होता.

शहरात काय होते, ते माझ्याच गल्लीत घडले. बसथांब्यावरच्या झाडाला एके सकाळी कागद चिकटवलेला दिसला. शहरातले झाड तोडण्यापूर्वी नागरिकांच्या हरकती मागवायच्या, असा १९७५ पासून आपल्या राज्यात कायदा आहे. त्यातलीच ही नोटीस. झाडाच्या नावापुढे लिहिले होते, ‘जंगली’. मला राग आला. हरकत लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. वीस वर्षे ज्याच्या सावलीत बसची वाट पाहिली, त्याचे नाव मलाही ठाऊक नव्हते. इतरांच्या कादंबऱ्यांतले गुलमोहर मोजणारा मी!

कोपऱ्यावर हार विकणाऱ्या आजींना विचारले. त्या म्हणाल्या, “वावळा हाय त्यो. उन्हाळ्यात पापडावानी चकत्या उडत्यात, त्या कुणाच्या वाटल्या तुमास्नी?” त्या चकत्या मी दर साली कचरा म्हणून गॅलरीतून झाडून टाकीत होतो. प्रत्येक चकतीच्या पोटात एक बी होते.

अर्ज लिहून झाला, तोवर मुदत उलटली होती. आता तिथे पत्र्याचे छप्पर आहे.

म्हणून या दिवाळीत एक विनंती. फराळ झाला, अंक चाळून झाला, की मुलांना घेऊन दारातल्या झाडापाशी जा. नाव ठाऊक नसेल तर माळ्याला विचारा, आजीला विचारा, हार विकणाऱ्या बाईंना विचारा. आणि कांचनाची पाने अजून देवघरात असतील, तर तीही एकदा उलटून पाहा.